हुकूम आणि तामील

सरकारी दफ्तरात दोन शब्द फार जुने आहेत. एक हुकूम आणि दुसरा तामील. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, असे कोणताही मुरलेला कारकून मानीत नाही. कोर्टाने समन्स काढले, पण बेलिफाने ते बजावल्याची नोंद कागदावर आली नाही, तर खटला पुढे सरकत नाही. शाळेतही तोच न्याय. मुख्याध्यापकांनी नोटीस काढली आणि शिपाई वही घेऊन निघाला, एवढ्याने नोटीस सर्व वर्गांत पोचली असे होत नाही. वर्गावर्गांतून सह्या होऊन ती वही परत टेबलावर यावी लागते. माणसांच्या कारभारात ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो. यंत्रांच्या कारभारात मात्र हाच धडा शिकण्यासाठी एका प्रगत राष्ट्राला मोठी किंमत मोजावी लागली. ती हकीकत एका झडपेची आहे. किंबहुना झडपेची कमी आणि तिच्या आसपास वावरणाऱ्या लहानसहान साधनांची अधिक आहे. वरातीत सर्वांचे डोळे नवरदेवाकडे लागलेले असतात, पण वरात चुकते ती पुष्कळदा मशाल धरणाऱ्यामुळे!

झडप म्हणजे काय, हे गृहिणींना सांगण्याची गरज नाही. प्रेशर कुकरच्या झाकणावरची शिट्टी ही झडपच आहे. तिचा मूळपुरुष देनी पापँ नावाचा एक फ्रेंच पंडित. त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचे भांडे मांडले. कोंडलेल्या वाफेत त्यातली हाडेदेखील मऊ शिजत. पुढे १६८२ साली त्याने सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजवलेले जेवणही घातले. विद्वानांची खात्री पटवण्याचा हा मार्ग त्याला सुचला, यात त्याचे शहाणपण दिसते. भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणावर एक छिद्र ठेवले, त्यावर झडप बसवली आणि दांड्याच्या टोकाला वजन अडकवून ती दाबून धरली. वाफेचा जोर वजनाहून वाढला की झडप आपोआप उचलली जाई, जोर ओसरला की खाली बसे. या व्यवस्थेत हुकूम देणारी वाफ आणि तामील करणारी झडप एकमेकींना चिकटून होत्या. मध्ये निरोप्या नव्हता, म्हणून निरोप चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

१७१२ साली इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर न्यूकोमेनचे वाफेचे यंत्र पाणी उपसू लागले. या यंत्राच्या झडपा उघडण्या-मिटण्याविषयी एक दंतकथा प्रसिद्ध आहे. हंफ्रे पॉटर नावाच्या पोराला या कामावर ठेवले होते. त्याला खेळायला जायचे होते, म्हणून त्याने झडपांच्या दांड्या दोऱ्यांनी यंत्राच्या हलत्या तुळईला बांधून टाकल्या आणि यंत्र आपले आपणच चालू लागले! इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. पण गोष्ट टिकून राहिली याला कारण आहे. स्वयंचलनाचा अर्थ तीत नेमका सापडतो. माणसाचा हात निघून जातो आणि त्याच्या जागी दोरी येते. मग एक नवा प्रश्न जन्माला येतो, तो म्हणजे दोरी तुटली तर कळणार कोणाला?

हा प्रश्न प्रथम कसोशीने सोडवला गेला तो समुद्रावर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जहाजे एवढी अवाढव्य झाली की सुकाणू वळवणे माणसांच्या बळाबाहेर गेले. तेव्हा ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजासाठी मॅकफार्लेन ग्रे याने १८६६ च्या सुमारास वाफेवर चालणारे सुकाणूयंत्र योजले. त्यातली खुबी अशी, की सुकाण्याने चाक फिरवले म्हणजे वाफेची झडप उघडे, सुकाणू वळू लागे, आणि सुकाणू हव्या त्या जागी येताच त्याची स्वतःची हालचाल ती झडप मिटवून टाकी. म्हणजे तामिलीची बातमी हुकमापर्यंत परत येण्याची सोय यंत्रातच होती. फ्रान्समध्ये जोझेफ फार्को यानेही अशीच यंत्रे केली आणि १८७३ साली त्यांवर पुस्तक लिहून त्यांना ‘सर्वो-मोटर’ म्हणजे ‘दास-यंत्र’ असे नाव दिले. मात्र हा दास विश्वासू तेव्हाच, जेव्हा तो काम करून परत येतो आणि ‘झाले’ म्हणून सांगतो.

जमिनीवरच्या कारखान्यांना ही गरज निराळ्या वाटेने भासली. अमेरिकेत आयोवा प्रांतातल्या मार्शलटाउन गावी विल्यम फिशर नावाचा गृहस्थ पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम करी. गावाला आग लागली असता पाण्याचा दाब कायम राखण्यासाठी त्याला पंपांपाशी रात्रभर उभे राहून वाफेची झडप हाताने कमीजास्त करावी लागली, असे सांगतात. त्या जागरणातून त्याने १८८० साली पंपाचा दाब आपोआप सांभाळणारे नियंत्रक घडवले. आज जगभरच्या कारखान्यांत नियंत्रक झडपा म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्यांच्या एका मोठ्या घराण्याची ही सुरुवात होय.

विसाव्या शतकात तेलशुद्धीचे, रसायनांचे, विजेचे कारखाने वाढले. हजारो झडपांपाशी हजारो माणसे उभी करणे अशक्य झाले. एका खोलीत बसून सगळा पसारा चालवायचा, तर दूरच्या झडपेपर्यंत हुकूम न्यायचा कसा? यावर तोडगा निघाला तो दाबलेल्या हवेचा. जिथे तेलाच्या वाफा पसरलेल्या असतात तिथे विजेच्या ठिणगीचे भय. हवेला ते भय नाही. १९१४ साली एडगर ब्रिस्टल याने एक अत्यंत साधी युक्ती काढली. बारीक तोटीतून हवा सुटते आहे आणि तिच्या तोंडाशी एक पातळ पट्टी हलते आहे. पट्टी केसभर जवळ आली की मागचा दाब वाढतो, केसभर दूर गेली की उतरतो. त्या केसभर हालचालीतून एवढा दाब हाती येतो की त्याच्या जोरावर भलीमोठी झडप हलवता येते. पुढे या हवाई हुकमाची एक सर्वमान्य भाषा ठरली, ती ३ ते १५ पौंड दाबाची. तीन पौंड म्हणजे एक टोक, पंधरा म्हणजे दुसरे. आरंभ शून्यापासून का केला नाही, असे कोणी विचारील. त्यातच मेख आहे. शून्य दाब म्हणजे नळीच तुटली, निरोप्या वाटेतच मेला, हे ओळखता यावे म्हणून जिवंत निरोपाचा आरंभ तीन पौंडांपासून! पुढे विजेच्या तारांतून निरोप जाऊ लागले तेव्हाही ४ ते २० मिलिअँपिअर अशीच मर्यादा पाळली गेली.

१९५४-५५ साली मुंबईजवळ तुर्भ्यास तेलशुद्धीचे दोन कारखाने सुरू झाले. असल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना झडपेभोवतीचा परिवार परिचयाचा असतो. इतरांसाठी त्याची थोडी ओळख करून देतो.

पहिला मान फिल्टर-रेग्युलेटरचा. हवेतले पाणी, तेल आणि कचरा अडवायचा आणि तिचा दाब बेताचा करायचा, हे याचे काम. घरातला पाण्याच्या माठावरचा फडका आणि तोटी, दोन्ही एकातच समजा. दुसरे सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या वेटोळ्याने उचलला जाणारा लहानसा खटका. वीज आली की तो हवेची एक वाट उघडतो, वीज गेली की मिटतो. हा नुसता ‘हो’ किंवा ‘नाही’ जाणतो. ‘थोडेसे’ त्याला समजत नाही. ‘थोडेसे’ समजतो तो तिसरा, पोझिशनर. झडपेच्या दांड्याला एका तरफेने जोडलेला हा देखरेख्या आलेला हुकूम आणि दांड्याची प्रत्यक्ष जागा ताडून पाहतो आणि फरक पडला तर हवा कमीजास्त करून दांडा जागेवर आणतो. ‘ग्रेट ईस्टर्न’च्या सुकाणूची हीच विद्या. चौथा लिमिट स्विच. दांडा खरोखरच शेवटच्या टोकाला पोचला तर तिथे बसवलेली ही कळ दाबली जाते आणि दूरच्या खोलीत दिवा लागतो. हा साक्षीदार. याला स्वतःचे मत नसते; जे डोळ्यांसमोर घडले तेवढेच तो सांगतो.

या मंडळींची निवड करणे हे बाजारातून भाजी आणण्याइतके सोपे नाही. हवा किंवा वीज गेली तर झडपेने उघडे राहायचे की मिटायचे, हा पहिला सवाल. भट्टीच्या इंधनाची झडप असेल तर ती मिटलेली बरी. थंड करणाऱ्या पाण्याची असेल तर उघडी बरी. स्प्रिंग आणि सोलेनॉइड त्या हिशेबाने निवडावी लागतात. सोलेनॉइडची वाट अरुंद असली तर मोठी झडप रेंगाळते. आवरण पाणी रोखणारे नसेल तर कोकणातल्या एका पावसाळ्यात आतल्या कळा गंजून जातात. आणि सर्वात महत्त्वाचे हे, की साक्षीदाराला कोणत्या जागी उभे करायचे? हुकूम सुटतो त्या दाराशी, की काम घडते त्या ठिकाणी? या एका प्रश्नावर आपली पुढची हकीकत उभी आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीच्या पात्रात थ्री माइल आयलंड नावाचे बेट आहे. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग तिथून जवळच. या बेटावर अणुशक्तीवर वीज निर्माण करणारी दोन केंद्रे होती. दुसरे केंद्र १९७८ च्या डिसेंबर अखेरीस रीतसर वीज पुरवू लागले. १९७९ च्या २८ मार्चला, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांनी, पहाटे चारच्या ठोक्याला तिथे अरिष्ट कोसळले.

आरंभ क्षुल्लक होता. अणुभट्टीच्या उष्णतेने ज्या पाण्याची वाफ व्हायची, ते पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांपैकी एकीत राळेचे दाणे अडकले होते. ते मोकळे करण्यासाठी कामगार हवा आणि पाणी यांचा मारा तासन्‌तास करीत होते. चौकशीत सर्वात संभवनीय ठरलेले कारण असे, की या खटपटीत थोडे पाणी झडपांना हुकूम नेणाऱ्या हवेच्या नळ्यांत शिरले. हवेत पाणी शिरले, निरोप बिघडला आणि टाक्यांच्या झडपा मिटल्या. स्टोच्या निपलात कचरा अडकला की ज्योत फुरफुरते आणि आपण पिन घालून ती साफ करतो. इथे कचऱ्याच्या जागी पाणी होते आणि पिन घालायला सवड नव्हती. पाण्याचे पंप थांबले, टर्बाइन थांबले.

असा प्रसंग आला तर आणीबाणीचे पंप सुरू व्हावेत, अशी योजना होती. ते सुरू झालेही. पण त्यांच्या वाटेवरच्या दोन झडपा मिटलेल्याच होत्या! दोन दिवसांपूर्वीच्या तपासणीनंतर त्या उघडायच्या राहून गेल्या असाव्यात. त्यांच्या दिव्यांपैकी एकावर दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लोंबत होती. आठ मिनिटांनी ही गोष्ट एकाच्या ध्यानात आली आणि झडपा उघडल्या गेल्या. इथे साक्षीदार खरे बोलत होता; त्याच्या तोंडावर कागद पडला होता एवढेच.

दरम्यान मुख्य नाटक दुसरीकडे सुरू झाले होते. थंडाव्याला पाणी नाही, म्हणून अणुभट्टीतला दाब काही सेकंदांतच चढला आणि वरची सुरक्षा-झडप उघडली. आठव्या सेकंदाला अणुभट्टीची मूळ प्रक्रिया आपोआप बंद पडली. दाब उतरू लागला. तेराव्या सेकंदाच्या सुमारास झडप मिटायला हवी होती. सोलेनॉइडची वीज गेली, ‘मीट’ असा हुकूम सुटला आणि नियंत्रण-खोलीतला दिवा विझला. खोलीतल्या माणसांनी दिवा पाहिला आणि झडप मिटली असे समजून ती दुसऱ्या चिंतेकडे वळली.

झडप मात्र मिटली नव्हती. ती उघडीच अडकून बसली होती.

हा दिवा नीट समजून घेतला पाहिजे. आदल्या वर्षी, १९७८ च्या मार्चमध्येच, ही झडप चाचणीच्या काळात एकदा भलत्या वेळी उघडली होती. तेव्हा तिची अवस्था दाखवणारे असे खोलीत काहीच नव्हते. म्हणून हा दिवा मुद्दाम बसवण्यात आला. म्हणजे धडा मिळाला होता, उपायही केला होता. पण दिव्याची तार जोडली गेली ती सोलेनॉइडला. सोलेनॉइडमध्ये वीज असली की दिवा लागे, नसली की विझे. झडपेच्या अंगाला त्याचा स्पर्शच नव्हता. शिपाई वही घेऊन खोलीबाहेर पडला, एवढेच तो दिवा सांगत होता. वही वर्गांत पोचली की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि वाचणारे मात्र सह्या झाल्या असेच वाचीत होते.

पुढचे दोन तास बावीस मिनिटे त्या झडपेतून पाणी आणि वाफ निसटत राहिली. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू लागल्या. सूचना छापणारे यंत्र मागे पडले. गळक्या झडपेची खूण सांगणारे पुरावे नव्हते असे नाही. झडपेपुढच्या नळीचे तापमान चढलेले दिसत होते. पण ती झडप पूर्वीपासूनच थोडी गळत असल्यामुळे तापलेली नळी हे नित्याचेच दृश्य झाले होते. निसटलेले पाणी ज्या टाकीत जमे, तिचे मापक मुख्य फळीच्या मागल्या बाजूला होते. उलट, समोरचे एक मापक पाण्याची पातळी वाढत असल्याचे दाखवीत होते. वरून गळती असल्यामुळे पाणी त्या बाजूला ओढले जात होते. अणुभट्टीत ते कमी होत होते. पण शिकवण अशी होती, की ते पात्र काठोकाठ भरू द्यायचे नाही. म्हणून आपोआप सुरू झालेले आणीबाणीचे पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने कमी केले. घरात चूल पेटलेली, आधण आटत चाललेले, आणि झाकणावर जमलेले थेंब पाहून गृहिणीने पाणी ओतणे थांबवावे, तसे झाले.

त्या माणसांना मूर्ख म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ती शिकलेली, सावध माणसे होती. त्यांनी आपल्या साधनांवर विश्वास ठेवला आणि साधनाने त्यांना खोटे सांगितले नाही. विचारलेल्या प्रश्नाऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

सकाळी सहाच्या सुमारास नव्या पाळीचा एक पर्यवेक्षक आला. त्याच्या मनावर रात्रीच्या गोंधळाचे दडपण नव्हते. त्याने आकडे पाहिले, झडप गळत असावी असा तर्क केला आणि तिच्या वाटेवरची दुसरी, अटकावाची झडप मिटायला सांगितली. ६ वाजून २२ मिनिटांनी ती मिटली. तोवर अणुभट्टी थंड ठेवणारे एक तृतीयांशाहून अधिक पाणी निघून गेले होते. काही वर्षांनी आत कॅमेरे सोडून पाहिले तेव्हा गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळल्याचे उघड झाले.

बाहेरच्या जगाची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करावी. ३० मार्चला राज्याचे गव्हर्नर रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या परिसरातल्या गरोदर स्त्रियांनी आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांनी गाव सोडावे असा सल्ला दिला. सल्ला थोड्यांसाठी होता. बाहेर पडली सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे. कडेवर लेकरू, गाडीत गाठोडी, आणि शत्रू असा की जो ना दिसतो, ना ऐकू येतो. १ एप्रिलला स्वतः राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर त्या केंद्रात जाऊन आले, लोकांना धीर यावा म्हणून. सुदैवाने अणुभट्टीभोवतीची भक्कम इमारत टिकली आणि बाहेर पडलेला किरणोत्सार अल्प होता, असे सरकारी चौकशांनी ठरवले. पण आतली साफसफाई १९९३ पर्यंत चालली आणि तिला सुमारे शंभर कोटी डॉलर लागले. ते दुसरे केंद्र पुन्हा कधी चालले नाही. शेजारचे पहिले केंद्र मात्र १९८५ साली परत सुरू होऊन २०१९ पर्यंत वीज देत राहिले.

चौकशीसाठी कार्टरांनी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. हे गणिताचे प्राध्यापक, डार्टमथ कॉलेजचे प्रमुख आणि ‘बेसिक’ या संगणक-भाषेच्या दोन जनकांपैकी एक. शिकवणाऱ्या माणसाची दृष्टी त्यांच्या ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात दिसते. एका झडपेवर किंवा चार माणसांवर खापर फोडून ते मोकळे झाले नाहीत. शिक्षण अपुरे, सूचना गोंधळाच्या, नियंत्रण-खोलीची मांडणी सदोष, आणि एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याची व्यवस्थाच नाही, असे त्यांच्या मंडळाने स्पष्ट म्हटले.

या शेवटच्या मुद्द्याचा पुरावा मोठा बोचरा आहे. दीड वर्षापूर्वी, २४ सप्टेंबर १९७७ रोजी, ओहायओ राज्यातल्या डेव्हिस-बेसी केंद्रात हुबेहूब अशीच झडप उघडी अडकली होती. तिथे अणुभट्टी मंद चालू होती आणि माणसांना वीसेक मिनिटांत दोष उमगला, म्हणून निभावले. त्यानंतर १९७८ च्या फेब्रुवारीत एका अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना लिहून कळवले, की अशा वेळी पाणी घाईने बंद करू नये, हे सर्व केंद्रांना कळवा. पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. थ्री माइल आयलंडच्या माणसांच्या हाती ते कधीच पडले नाही. म्हणजे यंत्रात जो दोष होता, तोच कचेरीतही होता. तिथेही सूचना निघाली होती. पोच मात्र कोणी मागितली नव्हती.

यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक मंडळाने अशा झडपांची उघडी वा मिटलेली अवस्था प्रत्यक्ष झडपेवरूनच दाखवली गेली पाहिजे, अशी अट घातली. कुठे दांड्याला कळ बसवली गेली, कुठे नळीला कान लावल्यासारखे आवाज टिपणारे यंत्र जोडले गेले. साक्षीदार हुकमाच्या दारातून उठून कामाच्या जागी जाऊन उभा राहिला.

साधारण कारखान्यातल्या फिटरला या इतिहासातून काय घ्यायचे? गोष्टी साध्याच आहेत. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी नेमाने सोडावे. पोझिशनरची तरफ ढिली झाली नाही ना, हे हाताने हलवून पाहावे. सोलेनॉइड टकटक वाजले म्हणजे झडप हलली असे मानू नये. दांडा डोळ्यांनी पाहावा. वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या सुरक्षा-झडपेला अधूनमधून थोडे हलवून तिचे अंग मोकळे आहे याची खात्री करावी. दुरुस्तीची चिठ्ठी दिव्यावर लटकवू नये. आणि गळणारी झडप ‘तिचे नेहमीचेच आहे’ म्हणून कधीही सोडू नये. कारण नित्याची झालेली लहान गळती मोठ्या गळतीला बुरखा पुरवते.

ही कामे करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येत नाही. फिल्टरमधले वाटीभर पाणी वेळेवर सोडले म्हणून कोणी कोणाला हारतुरे घातल्याचे ऐकिवात नाही. ज्या दिवशी काही घडले नाही, त्या दिवसाचा इतिहास लिहिला जात नाही. पण वाचकहो, आपल्या घरातल्या दिव्यांत जी वीज आज उजळते आहे, तिच्या मागे असे असंख्य न लिहिलेले दिवस आहेत, आणि हुकूम सुटल्यावर उठून जाऊन ‘तामील झाली का?’ हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येणारी माणसे आहेत. दिवाळीच्या पणत्यांतली एक पणती त्यांच्या नावाने लावावी, एवढा त्यांचा हक्क खासच आहे.